पूर ओसरला, उमेदवार वर आले

निवडणुकीला तीन गोष्टी लागतात : गाव, मतदार आणि उमेदवार. पैकी पहिल्या दोन धड नसल्या तरी भागतं, हे २००६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सने दाखवून दिलं. गाव पाण्याने कुजलेलं, निम्म्याहून अधिक माणसं परगावी, आणि महापौरपदाला उमेदवार बावीस.

आपल्याकडे बावीस उमेदवार असले की त्यातले निम्मे कुणीतरी कुणाची तरी मतं खायला उभे केलेले असतात, आणि एक-दोघांचं नाव मुख्य उमेदवाराच्या नावासारखं आहे एवढ्याच पुण्याईवर त्यांना घरून उचलून आणलेलं असतं. तिथे तसं काही नव्हतं. सगळे स्वखुशीने आले होते. महापालिकेची तिजोरी रिकामी होती, पगाराला पैसे नाहीत म्हणून सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांना नारळ दिलेला होता, कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. असं शहर कुणी चालवायला घ्या म्हणून गळ्यात मारलं तरी शहाण्या माणसाने पळ काढावा. इथे बावीस जण हात वर करून उभे.

ज्या वादळामुळे हे सगळं झालं ते कतरिना २९ ऑगस्ट २००५ ला आलं. आपल्या लोकांना ही तारीख लक्षात ठेवायला अवघड नाही. जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि मुंबईत मिठी नावाची एक नदी आहे ही बातमी बऱ्याच मुंबईकरांना त्या दिवशी पहिल्यांदा, तीही कमरेपर्यंत, कळली होती. पण मुंबईचं पाणी मुंबईकरासारखंच. गोंधळ घालतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामाला लागतं. न्यू ऑर्लीन्सचं पाणी मात्र पाहुणा म्हणून आलं आणि बिऱ्हाड करून राहिलं. शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. एका बाजूला मिसिसिपी, दुसऱ्या बाजूला भलं थोरलं सरोवर, आणि मधल्या खोलगट भागात माणसं. सभोवती लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधलेले बांध आणि पूरभिंती होत्या. वादळ झालं, पण शहर बुडालं ते त्या भिंती फुटल्या म्हणून. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ते पाणी काही आठवडे तसंच तुंबून राहिलं.

माणसं परत यायला लागली तेव्हा पहिली गाठ पडली ती फ्रिजशी. ऑगस्टचा उकाडा, वीज गेलेली, आत कोळंबी आणि मांस. अशा फ्रिजचं दार ज्यांनी उघडलं त्यांनी दुसऱ्यांदा ती चूक केली नाही. बाकीच्यांनी शहाणपणाने दाराला चहूबाजूंनी जाड चिकटपट्टी गुंडाळली आणि फ्रिज ढकलत रस्त्याच्या कडेला नेऊन उभा केला. असे हजारो पांढरे फ्रिज गल्लोगल्ली रांगेत उभे. आता पांढरा सपाट पृष्ठभाग, हातात रंगाचा डबा आणि डोक्यात राग एवढं साहित्य जमल्यावर माणूस गप्प बसत नाही. ‘याला फेमाचा वास येतो’ असं कुणी लिहिलं. फेमा म्हणजे केंद्राचं आपत्ती निवारण खातं. ‘आत टॉम बेन्सन आहे’ असंही लिहिलं गेलं. बेन्सन हे तिथल्या ‘सेंट्स’ या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मालक. गाव बुडालंय तर संघ टेक्सासला हलवावा असा त्यांचा विचार असल्याची गावात बोलवा होती. घर गेलं ते लोकांनी सोसलं, संघ जाणार म्हटल्यावर मालकाला सडक्या कोळंबीत बसवलं. निवडणुकीचा खरा जाहीरनामा या फ्रिजच्या दारांवरच लिहिला गेला होता. पुढे उमेदवारांनी छापले त्यांत एवढी स्पष्टता नव्हती.

घरांच्या भिंतींवर दुसरंही एक लिखाण होतं, त्यात विनोद नव्हता. बचाव पथकांनी प्रत्येक घरावर रंगाची मोठी फुली मारली होती. फुलीच्या चार कोनांत तपासणीची तारीख, पथकाचं नाव, आत काय धोका आहे, आणि खालच्या कोनात सापडलेल्या मृतांचा आकडा. बहुतेक घरांवर तिथे शून्य होतं. काही घरांवर नव्हतं.

अशा भिंतींच्या पुढे अंगणात उमेदवारांचे फलक लागले. तिकडे आपल्यासारखे वीस फुटी फ्लेक्स नसतात, आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून गल्लीतल्या चाळीस तरुणांचे गॉगल लावलेले फोटोही नसतात. हातभर आकाराची पाटी, तारेच्या दोन पायांवर, हिरवळीत खोचलेली. फक्त आता हिरवळ उरली नव्हती आणि घरात कुणी नव्हतं, तरी पाटी होती. दोन रस्त्यांच्या मधल्या दुभाजकावर तर पाट्यांचं रानच माजलं होतं. ‘घर आतून खरवडून मिळेल’, ‘बुरशी काढून देऊ’, ‘छप्पर घालून देऊ’, आणि यांच्याच ओळीत ‘महापौरपदासाठी अमुक’. आश्वासनं सगळ्यांची साधारण एकाच जातीची. फरक एवढाच, की बुरशीवाल्याच्या पाटीवर फोन नंबर होता.

आता जे महापौर खुर्चीवर होते त्यांच्याबद्दल. रे नेगिन. २००२ साली निवडून आले तोवर त्यांनी राजकारण केलेलं नव्हतं. ते शहरातल्या केबल टीव्ही कंपनीचे प्रमुख होते. आपल्याकडे केबलवाला नगरसेवक होतो हे सर्वांना माहीत आहे; त्याला प्रत्येक घराचा पत्ता, थकबाकी आणि कोणत्या घरात कोणती मालिका बघतात हे ठाऊक असतं. तिथे केबलवाला थेट महापौर झाला. नेगिन कृष्णवर्णीय, पण उद्योजक, टापटिपीचे, हिशेबाची भाषा बोलणारे. त्यामुळे २००२ मध्ये गोऱ्या मतदारांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं आणि कृष्णवर्णीय मतदार जरा हातचं राखून होते. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं उलटंपालटं होणार आहे.

वादळाच्या दिवसांत नेगिन स्टेडियमशेजारच्या हयात हॉटेलात मुक्काम ठोकून होते. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, वीज नाही, पाणी नाही. खाली शहर बुडत होतं. शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांची एक लांबच लांब रांग छपरापर्यंत पाण्यात उभी असलेला फोटो तेव्हा जगभर गाजला. लोकांना बाहेर काढायला ज्या गाड्या वापरायच्या त्या गाड्याच जागच्या जागी जलसमाधी घेऊन बसल्या होत्या. विरोधकांना याहून बोलका फोटो मिळाला नसता. पण १ सप्टेंबरला नेगिन स्थानिक रेडिओवर बोलायला लागले आणि त्यांचा बांध फुटला. वॉशिंग्टनला, राज्याला, सगळ्यांना त्यांनी शिव्या घातल्या. पत्रकार परिषदा पुरे, आता बसगाड्या आणि माणसं पाठवा, असं म्हणाले आणि रेडिओवरच रडले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश विमानाने आले. नेगिन त्यांना विमानातच भेटायला गेले, आणि बोलणी राहू देत, आधी आंघोळ करून घेतली. एअर फोर्स वनवर. किती मुत्सद्दी त्या विमानात काय काय मागायला चढले असतील. गरम पाणी मागणारा बहुधा हा एकटाच. कित्येक दिवस पारोसा असलेल्या माणसाची ही मागणी मला त्यांच्या संपूर्ण राजकीय कारकिर्दीतली सगळ्यात समंजस वाटते.

त्यानंतर तोंडावरचा ताबा मात्र सुटला तो सुटलाच. जानेवारी २००६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तच्या सुट्टीच्या दिवशी नेगिन म्हणाले, देव अमेरिकेवर रागावलाय म्हणून एकामागून एक वादळं पाठवतोय. आणि हे शहर अखेर ‘चॉकलेट’ शहरच राहील. म्हणजे कृष्णवर्णीयांचं. झालं, गोरे मतदार खवळले. दुसऱ्या दिवशी खुलासा मागितल्यावर त्यांनी सांगितलं, की चॉकलेट बनतं कसं? काळ्या चॉकलेटमध्ये पांढरं दूध घालतात आणि छान पेय तयार होतं! आपले नेते ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ म्हणून सुटतात. पेयाची पाककृती देणारा नेता मी दुसरा पाहिला नाही. आठवड्याभरात नेगिन चॉकलेट कारखान्याचे मालक असल्याच्या चित्रांचे टी-शर्ट बाजारात आले. बुडालेल्या शहरात जो पहिला धंदा तेजीत आला तो हा.

असा महापौर हरणार हे कुणालाही दिसत होतं. मोठमोठे पंडित तसं लिहीत होते. समोर उमेदवारही तगडा होता. मिच लँड्र्यू, लुइझियाना राज्याचे उपगव्हर्नर. वडील मून लँड्र्यू १९७० ते ७८ शहराचे महापौर होते आणि त्यानंतर गोरा महापौर झालाच नव्हता. बहीण मेरी सिनेटर. नऊ भावंडांतले हे एक. घराणेशाही म्हटलं तर हो, पण वडिलांनी महापालिकेची दारं कृष्णवर्णीयांना उघडून दिलेली, त्यामुळे त्या वस्त्यांतही घराण्याला मान. शिवाय मिच कॉलेजात नाट्यशास्त्र शिकलेले. राजकारणात त्याचा उपयोग होतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तिसरे वजनदार उमेदवार होते रॉन फोरमन. हे शहरातल्या प्राणिसंग्रहालयाचे आणि मत्स्यालयाचे प्रमुख. सगळं गाव बुडालं तरी प्राणिसंग्रहालय उंच जागी असल्याने बऱ्यापैकी शाबूत राहिलं होतं, त्यामुळे ‘माणसांचंही यांच्याकडेच द्या’ असं वाटणारे बरेच होते. यांची पत्नी नेगिन यांच्या कार्यालयात जनसंपर्क प्रमुख होती! म्हणजे दिवसभर महापौरांची बाजू मांडायची आणि रात्री घरी महापौर कसे चुकले ते ऐकायचं. नवऱ्याने अर्ज भरायचं ठरवल्यावर तिने राजीनामा दिला. संसार टिकला, याची नोंद घ्यायला हवी.

उरलेल्या हौशी मंडळींपैकी दोघांना वगळून पुढे जाणं हा अन्याय होईल. एक गृहस्थ ‘बिकट काळासाठी बिघडलेला माणूस’ अशा अर्थाची घोषणा घेऊन उभे होते. इतका प्रामाणिक प्रचार पाहून मतदारांनी त्यांना अगदीच मोजकी मतं दिली. दुसऱ्या होत्या फौजदारी न्यायालयाच्या प्रमुख लेखनिक. न्यू ऑर्लीन्सच्या पद्धतीनुसार शहरातल्या निवडणुका पार पाडण्याची जबाबदारी या पदावरच्या व्यक्तीची असते. या बाईंचं न्यायाधीशांशी बिनसलं, त्यांनी न्यायालयाचा आदेश मानला नाही, अवमानाबद्दल तीन दिवस कोठडी झाली, आणि याच धामधुमीत त्या महापौरपदाला उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर एक सुंदर छायाचित्र होतं : बाई हसताहेत आणि मागे न्यू ऑर्लीन्सचा जुना, नक्षीदार कठड्यांचा रस्ता. स्वच्छ, चकचकीत. एवढा चकचकीत की लोकांना संशय आला. नीट पाहिल्यावर मागची कचऱ्याची पेटी ओळखीची निघाली. तो रस्ता कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधला होता, तिथे न्यू ऑर्लीन्सची एक प्रतिकृती बांधलेली आहे. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. ‘आमचं शहर असं करू’ म्हणून आपले नेते शांघायचे फोटो दाखवतात. यांनी निदान आपल्याच शहराचा दाखवला, फक्त तो दुसऱ्या गावात होता.

त्याच निवडणुकीत करनिर्धारकांचीही पदं होती. राज्यातल्या बाकी प्रत्येक जिल्ह्यात मालमत्तेची किंमत ठरवायला एक माणूस, आणि या एका शहरात सात. का, तर आहेत म्हणून. काही नागरिकांनी एकत्र येऊन पॅनल उभं केलं. त्याचं ब्रीद असं, की आम्हाला निवडून द्या, आम्ही पगार घेणार नाही आणि आमची खुर्चीच रद्द करायच्या मागे लागू. सातपैकी त्यांचा एक उमेदवार खरोखरच निवडून आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सार्वमत होऊन सातांचा एक करायचं ठरलंही. स्वतःचं पद घालवण्यासाठी लढवलेली आणि जिंकलेली निवडणूक आमच्या महापालिकेच्या इतिहासात मला तरी आढळली नाही. अभ्यासूंनी शोधावी.

उमेदवारांचं झालं. पण मतदार होते कुठे? ह्यूस्टन, अटलांटा, डॅलस, बॅटन रूज, मेम्फिस. त्यामुळे उमेदवार न्यू ऑर्लीन्सच्या महापौरपदासाठी ह्यूस्टनमध्ये सभा घेत होते, टेक्सासच्या रस्त्यांवर फलक लावत होते. म्हणजे साताऱ्याच्या नगराध्यक्षाने मुंबईत परळला सभा लावावी तसं. आता परळच्या गिरणगावाने हेही पाहिलेलं आहे म्हणा. निवडणूक खरं तर फेब्रुवारीत व्हायची, ती एप्रिलवर ढकलली. सरकारने लुइझियाना राज्यात ठिकठिकाणी दूरची मतदान केंद्रं उघडली, पण राज्याबाहेर एकही नाही; टपालाने पाठवा म्हणाले. यावर नागरी हक्कवाल्यांनी विचारलं, की वर्षभरापूर्वी, जानेवारी २००५ मध्ये, इराकच्या निवडणुकीसाठी अमेरिकेतल्या इराक्यांना शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिसला मतदान केंद्रं उघडून दिलीत, मग ह्यूस्टनमध्ये आम्हाला का नाही? प्रश्न बिनतोड होता, म्हणून त्याचं उत्तर मिळालं नाही. मग बसगाड्या भरून माणसं आली. तासन्‌तास प्रवास करून, ज्या शाळेत मत द्यायचं ती शाळा उरलेली नाही असं कळून, भलत्याच ठिकाणी एकत्र केलेल्या केंद्रांवर रांगा लावून. मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी आली की महाबळेश्वरला जाणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींना हे परिच्छेद वाचून दाखवावेत. (उपयोग होणार नाही, पण वाचून दाखवावेत.)

सभांमधून आणि वादसभांमधून हे उमेदवार बोलत काय होते? सगळं बोलत होते, एक सोडून. कोणती वस्ती पुन्हा बांधायची आणि कोणती सोडून द्यायची, याबद्दल कुणी ब्र काढत नव्हता. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण पुणेकरांना किंवा ठाणेकरांना एका वाक्यात कळेल : आरक्षण पडलं होतं.

झालं असं. पुनर्बांधणीसाठी नेगिन यांनी एक समिती नेमली. समितीत बडी मंडळी, सल्लागार, नियोजनकार. त्यांनी विचार केला, की शहर लहान झालंय, सखल भागात पुन्हा वस्ती नको, तिथे पाणी मुरायला बागा कराव्यात. कागदावर बोलायचं तर विचार उत्तम होता. ११ जानेवारी २००६ च्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर नकाशा छापून आला. त्यात अशा संभाव्य बागांच्या जागी मोठमोठे हिरवे ठिपके. आता कल्पना करा, तुम्ही ह्यूस्टनमध्ये मेव्हण्याच्या दिवाणखान्यात चार महिने काढताय, घराचं कर्ज अजून फिटायचंय, आणि पेपरात तुमच्या घरावर बरोबर हिरवा ठिपका. विकास आराखड्यात आपल्या गुंठ्यावर उद्यानाचं आरक्षण आल्यावर सज्जन माणूससुद्धा नगररचना कार्यालयाच्या जिन्यात कोणत्या आवाजात बोलतो ते आपण ऐकलेलं आहे. आपल्याकडे निदान त्या आरक्षणावर पुढे बाग होत नाही, पार्किंग आणि चायनीजची गाडी होते, एवढा दिलासा असतो. तिथल्या लोकांना भीती होती की हे खरंच बाग करतील.

ब्रॉडमूर नावाच्या वस्तीवर असाच ठिपका पडला होता. तिथले लोक सभा घेऊन उभे राहिले, पाट्या लावल्या, ‘ब्रॉडमूर जिवंत आहे’ म्हणाले आणि स्वतःच घरं खरवडायला लागले. नेगिन यांनी वारं ओळखलं. आपणच नेमलेल्या समितीकडे पाठ फिरवून त्यांनी सांगून टाकलं, की ज्याला जिथे घर बांधायचंय त्याने तिथे बांधावं. पाणी येईल, वीज येईल, बांध टिकेल, यांपैकी कशाचीच हमी नव्हती. फक्त ‘या’ म्हणाले. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत ‘अगत्य येणेचे करावे’ लिहितात, त्यातही जेवणाची हमी असते.

पण माझ्या मते ही निवडणूक नेगिन यांनी इथेच जिंकली, चॉकलेट सांडूनही. बेघर झालेला माणूस मत देताना कार्यक्षमता, दूरदृष्टी, सुशासन वगैरे पाहत नाही. तो एवढंच पाहतो, की याने मला परत यायला मनाई केली का? शहाण्यासुरत्या मंडळींनी नकाशे काढले होते, आणि शहाणपणाचा नकाशा नेहमी दुसऱ्याच्या घरावरून जातो. हा माणूस गोंधळी होता, वाचाळ होता, त्याच्या बसगाड्या बुडाल्या होत्या. पण तो आपल्याबरोबर पारोसा राहिला होता, आपल्यासारखाच शिव्या देत रडला होता आणि आपल्या अंगणात बाग करणार नाही म्हणाला होता. दगडापेक्षा वीट मऊ.

२२ एप्रिलला पहिली फेरी झाली. नेगिन ३८ टक्के, लँड्र्यू २९, फोरमन १७. निम्मी मतं कुणालाच नाहीत, म्हणून २० मे रोजी पहिल्या दोघांत पुन्हा लढत. बाकी पडलेल्यांपैकी फोरमन लँड्र्यूंच्या बाजूला गेले, चौथे आलेले रिपब्लिकन वकील नेगिन यांच्या. वादसभांत दोघेही एकमेकांशी इतके सहमत होते की सूत्रसंचालकांना भांडण लावून देणं अवघड जावं. निकाल लागला : नेगिन ५२, लँड्र्यू ४८. पाचेक हजार मतांचा फरक. आणि गंमत अशी, की २००२ चे मतदार जणू आतून-बाहेरून उलटले होते. तेव्हा पाठीशी असलेले गोरे बहुतेक निघून गेले, तेव्हा साशंक असलेले कृष्णवर्णीय आता पाठीशी उभे. तरीही दर पाचांतल्या साधारण एका गोऱ्या मतदाराने नेगिन यांना मत दिलं, आणि तेवढ्याच प्रमाणात उलटही झालं. ही गोऱ्यांची मतं नसती तर निकाल फिरला असता. विजयाच्या भाषणात नेगिन यांनी आभार मानले ते राष्ट्राध्यक्ष बुश यांचे. ज्या सरकारला रेडिओवर शिव्या घातल्या त्याच सरकारचे. आंघोळीची जाण ठेवली म्हणायची.

मतदार विसरभोळे असतात असं यावर अमेरिकेतल्या पंडितांनी लिहिलं. आपण मान डोलवायचं कारण नाही. २६ जुलैनंतर दीड वर्षाने, फेब्रुवारी २००७ मध्ये, मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि गटारं ज्यांच्या अमलात तुंबली होती तेच पुन्हा सत्तेवर आले. मुंबईकरांची निदान एक पळवाट होती : आपल्याकडे महापालिकेचा महापौर जनता निवडतच नाही. तो कोणत्या प्रवर्गातला असावा ते सोडतीची चिठ्ठी ठरवते, तो कोण असावा ते पक्षाचा नेता ठरवतो, आणि मतदान अटीतटीचं होणार असेल तर नगरसेवकांना त्याआधी कुठल्याशा रिसॉर्टवर निसर्गसौंदर्य दाखवायला नेतात. शिवाय सही चालते आयुक्तांची. पूर आला तर आपल्या महापौरांनी पाण्यात उभं राहून फोटो काढायचा असतो आणि नालेसफाई शंभर टक्के झाल्याचं सांगायचं असतं. न्यू ऑर्लीन्सचा महापौर मात्र खरोखरच कारभार पाहतो, आणि लोकांनी तो खरोखरच निवडला होता. म्हणजे त्यांना दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं. हे लोकशाहीचं फार गैरसोयीचं अंग आहे.

त्याच मे महिन्यात मत्स्यालयातले पेंग्विन परतले. वादळात मासे जवळजवळ सगळे मेले, पण पेंग्विनांना कॅलिफोर्नियाला हलवलं होतं. ते विमानाने आले, त्यांच्या स्वागताला गालिचा अंथरला, लोक जमले. ह्यूस्टनमधल्या भाडेकरूंनी ते टीव्हीवर पाहिलं. आणि १ जूनला नेगिन यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. १ जून ही तिकडे वादळांच्या हंगामाची अधिकृत पहिली तारीख. मुहूर्त काढणारा कुणी भटजी तिथे नसावा.

पुढची हकीगत थोडक्यात. दुसरी चार वर्षं ‘या’ म्हणणं सोपं आणि पाण्याचा नळ जोडणं अवघड हे शिकण्यात गेली. २०१० मध्ये लँड्र्यू पुन्हा उभे राहिले आणि पहिल्याच फेरीत ६६ टक्के मतं घेऊन निवडून आले. दुसऱ्याच दिवशी त्या ‘सेंट्स’ संघाने सुपर बोल जिंकला, त्यामुळे नवा महापौर कोण याकडे आठवडाभर कुणाचं लक्ष नव्हतं. २०१४ मध्ये लाचखोरी आणि इतर गुन्ह्यांच्या २१ पैकी २० आरोपांत नेगिन दोषी ठरले. कंत्राटदारांकडून त्यांनी पैसे घेतले होते आणि मुलांच्या ग्रॅनाइटच्या धंद्यासाठी फरश्यासुद्धा. दहा वर्षांची शिक्षा झाली, २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तुरुंगातून घरी सोडलं.

ते घर न्यू ऑर्लीन्समध्ये नव्हतं. सगळ्यांना परत या म्हणणारे नेगिन महापौरपद संपल्यावर स्वतः टेक्सासला, डॅलसजवळच्या फ्रिस्को गावी राहायला गेले होते.